खांबाची जागा

“हा खांब दाराच्या नेमका समोर आहे. छातीवर भाला रोखल्यासारखा,” होकायंत्रावरची नजर न काढता सुभाष म्हणाला. “आतल्या खुर्चीत बसणारा माणूस टिकायचा नाही.”

ग्रामपंचायतीच्या अंगणात माणसं जमली होती. सुभाष नारायणगावात दुकानांची, कारखान्यांची फेंगशुई पाहायचा. उपसरपंच रामदास त्याला स्वतःच्या गाडीतून घेऊन आला होता. रामदासचा या विद्येवर फार भरवसा. त्याच्या दारावर आठ कोनांचा आरसा होता आणि दुकानाच्या गल्ल्यावर तोंडात नाणं धरलेला बेडूक.

“मी म्हणत व्हतो का न्हाई?” रामदास म्हणाला. “मागच्या सरपंचांवर अविश्वास ठराव आला. त्याच्या आधीचे आजारानं गेले. झेंड्याचा हा खांब इथून हलवाच.”

सगळे सोनलकडे बघू लागले. ती नुकतीच सरपंच झाली होती. सव्वीस जानेवारीला पहिल्यांदाच तिच्या हातून झेंडा फडकणार होता. मागं उभ्या असलेल्या सासूनं, अंबाबाईनं, तिचा पदर ओढला. “बाय, ऐक त्याचं. इषाची परीक्षा कशाला?”

“मग कुठं हवा खांब?” सोनलनं सुभाषला विचारलं.

“बाहेर पडताना डाव्या हाताला, दारापासून लांब. भोवती मोकळं मैदान हवं. अडगळ नको.”

होकायंत्र धरून तो चालत गेला आणि एका पत्र्याच्या शेडपाशी थांबला. “इथं. ही शेड मात्र जायला हवी. सगळी.”

शेड कुणाची, हे त्याला ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्यांना होतं. आत रामदासचं सिमेंट होतं, बाहेर त्याच्या विटा, त्याची वाळू. जागा गावाची, अंगणवाडीसाठी राखलेली. पोरं देवळाच्या ओसरीवर कुडकुडत बसायची. ग्रामसभेत ठराव झाले होते. सोनल स्वतः त्याच्या घरी जाऊन आली होती. दर वेळी तो हसून म्हणायचा, “काढू की राव, घाई काय?”

आता तो हसला नाही. “थोडं अलीकडं न्हाई का चालणार?”

“दोष तसाच राहील,” सुभाष म्हणाला. “उलट ज्याची अडगळ, त्यालाच तो आधी लागतो.”

सोनल पुढं झाली. “भाऊ, यांना तुमीच आणलं. आता अर्धं ऐकून भागायचं नाही. सव्वीस तारखेला झेंडा इथंच लागंल. खड्डा मी उद्याच खणायला घेते.”

घरी जाताना तिचा नवरा सुनील चिडला होता. “बी.ए. झालीस ना तू? आन् असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतीस?”

घरी पोचल्यावर तिनं कोपऱ्यातली पहार तेवढी बाहेर काढून ठेवली.

सकाळी ती शेडच्या कडेला खणू लागली. मुरूम कडक होता. तळहाताला फोड आले, फुटले. तिनं पदराची चिंधी फाडून बांधली आणि पुन्हा पहार उचलली. हळूहळू चार बायका घमेली घेऊन आल्या. रामदास रस्त्यापलीकडं उभा राहून बराच वेळ बघत होता. मग तो मुकाट्यानं शेडमध्ये शिरला. खांद्यावर सिमेंटची गोणी घेऊन बाहेर आला. तिसऱ्या दिवशी पत्रेही उतरले.

सव्वीस जानेवारीला झेंडा वर गेला आणि वाऱ्यानं ताठ झाला. मोकळ्या मैदानात कोवळ्या उन्हात अंगणवाडीची पोरं रांगेत उभी होती. सलामी ठोकणाऱ्यांत रामदासही होता.

कार्यक्रम संपल्यावर अंबाबाईनं सुनेचा फोडांच्या खुणांनी भरलेला हात हातात घेतला. “खांबात दोष व्हता, हे खरंच पटलं व्हतं का गं तुला?”

“मला पटून काय उपयोग व्हता, आत्या?” सोनल म्हणाली. “ज्याची शेड व्हती, त्याला पटायला हवं व्हतं.”