खांडीवरची माती

ठमाबाई खांडीच्या तोंडाशी फतकल मारून बसली होती. मागे गावातल्या बायका, आणि समोर मातीने भरलेल्या डंपरांची रांग थेट वडखळच्या रस्त्यापर्यंत.

अंबरीश जीपमधून उतरला नाही. काच अर्धी खाली करून त्याने आपल्या ड्रायव्हरला, निलेशला विचारलं, "आता काय म्हणणं आहे यांचं?"

"खांडीत माती नको म्हणतात, साहेब. भरतीबरोबर मासळी आत येते. तिथं जाळं लावून पोट भरतात."

खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला बांध जिथे फुटतो, त्या भगदाडाला इकडे खांड म्हणतात. या बांधाला अशा दोन होत्या. आतली गावाची जमीन खारावून पांढरी पडली होती. भातशेती बुडाली, तर हे लोक त्याच पाण्यात मासे धरत बसले. अंबरीशला हसू आलं. घराला आग लागली तरी हे निखाऱ्यांवर कांदे भाजून घेतील.

खरं म्हणजे हे त्याचं कामच नव्हतं. मुंबईत जमिनीखाली दोन मेट्रो मार्ग एकावर एक येऊन भेटणार होते, त्या स्टेशनचा आराखडा त्याच्या हातचा. वरच्या फलाटावरून खालच्या फलाटावर माणूस कसा उतरेल, गर्दी कुठे तुंबेल, हवा कुठून खेळेल, सगळं त्याने कागदावर बसवलेलं. पण खोदाई सुरू झाली आणि निघालेली माती टाकायला जागा मिळेना. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, पेणच्या खाडीकाठी अंबरीशच्या आजोबांची पडीक जमीन आहे ना? झालं. आराखडा दुसऱ्याच्या टेबलावर गेला आणि अंबरीश मातीचा मुकादम झाला. ही माती पावसाळ्याआधी निस्तरली, तर स्टेशन परत त्याचं. नाही निस्तरली, तर स्टेशनचं नाव विसरायचं, असं वरून स्पष्ट सांगण्यात आलं होतं.

आणि हे सगळं अडलं कुणापाशी, तर ठमाबाईपाशी.

हीच बाई दिवाळीनंतर त्याच्या पेणच्या घरी आली होती, बांधाला थोडी माती द्या म्हणत. मेट्रोची माती म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद वाटला का, असं विचारून त्याने तिला पायरीवरूनच वाटेला लावलं होतं. आज त्याच बाईला माती नको झाली होती. या लोकांच्या बोलण्याला शेंडा ना बुडखा.

निलेशने रोह्याकडच्या एका रिकाम्या खाणीचं सुचवून पाहिलं. डोलवीच्या कंपनीतलं कंत्राट संपल्यावर ड्रायव्हर झालेला हा पोरगा मूळचा रोह्याचाच. मेहुण्याची खाण असेल, अंबरीशने मनात हिशेब केला, आणि गप्प बस म्हणून सांगितलं. मग निलेश म्हणाला, निदान रस्त्याच्या कडेला टाकू, गावाची त्याला ना नाही. तिथे टाकायचं अंबरीशने आधी ठरवलंही होतं. पण आता गावाने सांगितलं म्हणून टाकायचं? त्याला ते पटेना.

त्याचे आजोबा मोरोपंत ओटीवर बसून म्हणायचे, या लोकांना जे नको असतं, तेच त्यांच्या हिताचं असतं. आजोबांना खोती टिकवता आली नाही, पण माणसं बरोबर कळायची.

तो जीपमधून उतरला. "ठमाबाई, उठा."

"सायबा, पोटावर पाय नका देऊ. पायजे तर रस्त्याच्या कडंला टाका."

"बांधाखालची जमीन कुणाची?"

"तुमचीच हाय. आमी नाय कुटं म्हनतो?"

"मग माती कुठे पडणार ते मी ठरवीन."

ठमाबाईने डोळ्यांना पदर लावला. पहिल्या डंपरने आवाज केला तशा बायका भराभरा उठल्या. एवढीच धमक, अंबरीशला वाटलं. पोलीस बोलवायचीसुद्धा यांची लायकी नाही. जाता जाता ठमाबाई म्हणाली, चिखल तरी घालू नका, एकदाचे दगड टाका. त्याने तिच्यादेखत खोदाईवर फोन लावला आणि वरच्या थरातला काळा चिकण आधी पाठवायला सांगितलं.

चिकणाने खांड भरत आली तेव्हा बायका पुन्हा आल्या. आता दगड नको, अनवाणी पाय फुटतात म्हणाल्या. मग त्याने दगड मागवले, तेही खाडीच्या अंगाला, त्यांच्या जाळ्यांच्या जागेवर नेमके.

खांड भरल्याच्या दिवशी मुंबईहून फोन आला. वरिष्ठ खूश होते. अजून एक खेप माती निघायची आहे, तेवढी कुठेतरी टाक आणि स्टेशनवर ये, म्हणाले. अंबरीशने जीपमध्ये पाय पसरले. शेवटचा डंपर रुतला का बघून येतो म्हणून गेलेला निलेश मात्र परतेना. कामचुकार जात, असं पुटपुटत तो स्वतःच ढिगारा चढून वर गेला.

भरती आली होती. पाणी दगडांना थडकत होतं आणि तिथूनच मागे फिरत होतं. आतल्या बाजूला बायका ओळीने चिकण तुडवत होत्या, बारशाला जमल्यासारख्या हसत. ठमाबाई सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या शेजारी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून निलेश माती तुडवत होता. दोघांची पाठ अंबरीशकडे होती.

"जावयबापू," ठमाबाई त्याला म्हणत होती, "उद्या सायबाला सांगा, पलीकडच्या खांडीत एक पाटी बी टाकू देनार नाय म्हनावं."