नकाशाच्या टोकाचा नावाडी

मृदुला शेवाळेने बारा वर्षांपूर्वी या संगणकीय खेळाचं जग इतकं अफाट आखलं होतं, की त्याच्या ईशान्य टोकाला एकही खेळाडू पोचला नव्हता. आता ते टोक पुसायचं ठरलं होतं. पुसण्याआधी आखणाऱ्याने तिथे एकदा स्वतः जाऊन यायचं, असा कंपनीचा नियम होता. मृदुला खेळात शिरायचा चष्मा चढवून निघाली आणि तीन तास चालल्यावर नदीच्या घाटावर पोचली.

तिथे तुळाजी नावाडी बसला होता. त्याचं एकमेव वाक्य तिनेच लिहिलं होतं: ‘माझी मुलगी पलीकडच्या रानात हरवलीय, तिला शोधून आणा.’

तुळाजी उठून म्हणाला, “बसा बाई. भाकरी खाऊनच जा.”

“मुलीबद्दल काही सांगायचं नाही का?” मृदुलाने विचारलं.

“सांगायचं होतं. सहा वर्षं वाट बघितली, कुणी आलंच नाही. मग मीच गेलो.”

त्याच्यामागे एक तरुण मुलगी नावेला डांबर लावत होती.

“पण तुम्हाला तर घाट सोडता येत नाही,” मृदुला चक्रावून म्हणाली.

“येत नव्हता. पहिल्या दिवशी एकच पाऊल जमलं. मग रोज एकेक वाढवलं.”

मृदुलाने चष्मा काढला. समोरच्या फॉर्मवर प्रश्न होता: ‘हा भाग किती जणांनी खेळला?’ तिथे तिने सकाळीच शून्य भरून ठेवलं होतं. ते खोडून तिने एक लिहिलं आणि खेळाडूच्या नावापुढे लिहिलं, तुळाजी.