मोजा घाला

रुबिएल आमच्या पोरीचा धर्मबाप, म्हणून नवऱ्याचा 'कंपाद्रे', आणि विमा एजंट. आमच्याच नारळभातावरच्या माशाचे काटे चोखत म्हणाला, "वहिनी, दादांची जुनी पॉलिसी मोडा, नवी घ्या. दुप्पट रक्कम!" "जुनीही तूच गळ्यात मारलेलीस. तेव्हा ह्यांना शुगर नव्हती. आता फॉर्मवर काय लिहिणार?" तो दात कोरत हसला. "'आजार नाही' लिहायचं." "हे गेल्यावर कंपनीने खोटं पकडलं की मला ठेंगा!" "शुभ बोला हो!" नवऱ्याने बूट काढून अंगठा कापलेला पाय बाकावर, रुबिएलच्या ताटाशेजारी ठेवला. "ह्याचं काय लिहू, कंपाद्रे?" रुबिएलने ताट सरकवलं, पुढचा घास घेतला. "मोजा घाला. आमचा डॉक्टर पायापर्यंत जात नाही." मी ताट हिसकावून अंगणातल्या डुकरापुढे पालथं केलं. डुकराने तरी बाप्तिस्म्याला चर्चमध्ये शपथ घेऊन माझी पोर हातात धरली नव्हती.