बारीक दोरा

अपघात विभागातल्या मावशी सकाळी आल्या आल्या पेपरातलं तापमान बघायच्या आणि त्या हिशेबाने टाके घालायचे ट्रे मांडायच्या. नव्या डॉक्टरीणबाईंना ते बघून हसूच आलं.

"मावशी, हे कसलं ज्योतिष?"

"ज्योतिष कुठलं, बाई! पारा चढला की माणसांची डोकी फिरतात. कुणी नळावरच्या नंबरावरून भांडतो, कुणी पंख्याखालच्या जागेवरून. पूर्वी चार ट्रे मांडले तरी उरायचे. आता उन्हाळा एकदा येऊन बसला की उठायचं नावच घेत नाही."

दुपार झाली आणि डॉक्टरीणबाईंचं हसू कुठल्या कुठे पळालं. एकमेकांची डोकी फोडून घेतलेले दोन शेजारी आले. मग ओठ फाटलेला ड्रायव्हर आला, मग भावानेच वीट मारलेला भाऊ. ट्रे भराभर संपत गेले. मावशींचा अंदाज अगदी तंतोतंत निघाला.

शेवटी खिडकीपाशी झाकून ठेवलेला एकच ट्रे उरला. बाईंनी वरचं फडकं उचललं. आत सगळ्यात बारीक दोरा होता, चेहऱ्यावर वण राहू नये म्हणून वापरतात तो.

"हा का बाजूला ठेवलाय?"

मावशींची नजर सकाळपासून दारावरून हटली नव्हती.

"तो राहू द्या, बाई. लेकीचं घर पत्र्याचं आहे, आणि जावयाला आज सुट्टी आहे."