शेवटची रांग

ठप्! विभावरीनं ठशावर मुठीचा दणका दिला, ठसा अलगद उचलला आणि जागच्या जागी उडीच मारली. "बघ बिलकिस! पाकळी न् पाकळी उठलीये!"

"या अल्ला, किती सुरेख!" बिलकिस टेबलावर झुकली. ती वरच्या मजल्यावरची, मूळची रत्नागिरीची. उद्या तिच्या लेकीचा, इफराचा निकाह. लढाईमुळं विमानं बंद झाली आणि मुंबईहून यायची नवरीची ओढणी तिकडंच अडकली. रियाधची निम्मी दुकानं कुलपात. तेव्हा विभावरी बोलून गेली होती, "मी छापते की!" ठसे कोरायचा तिचा नाद आजवर उशांच्या अभ्र्यांपलीकडं गेला नव्हता. आणि आता पांढऱ्या मलमलीवर डाळिंबी जास्वंदी अशा काही उमलल्या होत्या की बाईसाहेबांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. एकच रांग उरली होती, नवरीच्या चेहऱ्याभोवती येणारी काठाची.

तेवढ्यात हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला.

विभावरीचा नवरा सदानंद धावत आत आला आणि त्यानं दार लावून घेतलं. खिडकीला प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावलेली घरातली ही एकच खोली. "टॉवेल! दाराखाली लावायचा ओला टॉवेल कुठाय?"

विभावरीनं जीभ चावली. रंगाच्या ट्रेमध्ये घडी करून, डाळिंबी रंगात चिंब भिजून टॉवेल पडला होता. ठसा टेकवायला इतकी मऊ गादी दुसरी सापडली नव्हती.

"विभा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दे इकडं!"

"अहो, सगळा रंग त्यानंच प्यायलाय! बाटल्या रिकाम्या झाल्यात. रांग अर्धी राहील!"

"रांग गेली खड्ड्यात! विषारी वायू आत आला म्हणजे?"

त्याचं खोटं नव्हतं. घरातल्या चादरी, पांघरुणं सगळी मलमलीखाली अंथरलेली. एक ओढली असती तरी ओली फुलं फरफटली असती. विभावरीला रडूच फुटलं. तिनं टॉवेलचं टोक उचललं.

"थांब," बिलकिस म्हणाली.

तिनं डोक्यावरची ओढणी काढली, कोपऱ्यातल्या पाण्याच्या बादलीत बुचकळली आणि गुडघ्यांवर बसून दाराच्या फटीत घट्ट कोंबली. इतक्या वर्षांच्या शेजारात सदानंदनं तिचा एक केसही पाहिला नव्हता. ती उठली तेव्हा हात कुठं ठेवावेत हे तिला कळेना.

सदानंद गर्रकन वळला आणि खिडकीच्या प्लास्टिकला नाक लावून उभा राहिला.

"छाप गो आता," बिलकिसनं कापडाचा काठ ताणून धरला. "बघत काय बसलीस?"

ठप्! ठप्! दूर कुठंतरी धडाम झालं, काचा थरथरल्या. विभावरीनं दोन्ही हातांनी ठसा दाबून धरला. उचलला. फूल जसंच्या तसं! ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ठप्! ठप्! कोपरा आला. शेवटचं फूल बसलं आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

धोका टळल्याचा भोंगा वाजून गेला. सदानंद अजून तसाच उभा होता.

"भाभी," त्यानं खिडकीलाच विचारलं, "जमलं का?"