तिची साक्ष

“काकू, तुम्ही आधी बसा,” चष्मेवाली मुलगी म्हणाली.

“माझंच घर आहे. उभी राहीन नाहीतर नाचेन,” शिलाईवाली म्हणाली, आणि मशीनवरची अर्धी शिवलेली पँट उगाच उलटीसुलटी करत राहिली.

चष्मेवाली कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. गुन्हा न करता शिक्षा भोगणाऱ्यांचे खटले पुन्हा उघडायचे, असा विद्यार्थ्यांचा एक गट तिच्या कॉलेजात होता. ती आणि तिचा एक उंच, अबोल मित्र गेलं वर्षभर शिलाईवालीच्या नवऱ्याच्या खटल्यामागे हात धुवून लागले होते. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. औषधाच्या दुकानात चोरी झाली, दुकानदार जिवानिशी गेला, आणि पळणाऱ्याला ओझरतं पाहिलेल्या एका माणसानं ह्याच्याकडे बोट दाखवलं. त्या संध्याकाळी कुठे होतास, असं विचारल्यावर तो एवढंच म्हणाला होता, “एकटाच फिरत होतो.” असल्या उत्तरावर कोण विश्वास ठेवणार? जन्मठेप झाली. तेव्हा रांगणारी मुलगी आता सायकलवरून शाळेत जात होती.

ही चष्मेवाली शिलाईवालीच्या डोळ्यांत पहिल्यापासून खुपायची. भेटीच्या दिवशी नवरा जाळीपलीकडून तिचंच कौतुक सांगायचा. मॅडम असं म्हणाल्या, मॅडमनी तसं शोधून काढलं. कालची पोर, आणि ह्याची मॅडम! घरच्या बाईशी बोलताना मात्र ‘मुलगी बरी आहे ना?’ याच्यापुढे गाडी सरकत नसे.

“आम्हाला एक साक्षीदार मिळाली आहे,” चष्मेवाली म्हणाली.

मिळाली. शिलाईवालीच्या कानांनी ते बरोबर टिपलं.

“त्या संध्याकाळी काका तिच्या घरी होते. म्हणजे… कसं सांगू. तुम्हाला हे बाहेरून कळू नये, म्हणून आम्ही आलो.”

चष्मेवालीनं मान खाली घातली. आता ही बाई रडेल, ओरडेल, निदान भिंतीला टेकेल, असं तिला वाटलं असावं. शिलाईवालीनं दातांनी दोरा तोडला.

“आत्ताच बरी वाचा फुटली तिला?”

“तेव्हा तिचा नवरा होता. जिवंत सोडली नसती त्यानं. आता तो वारला. ती आपणहून आली, काकू. म्हणाली, माझं नाव गेलं तर जाऊ दे, पण माणूस सुटू दे.”

तुरुंगाचं फाटक शिलाईवालीच्या डोळ्यांपुढे आलं. तो बाहेर येतोय, आणि कोणामुळे आला? तर त्या बयेमुळे! जन्मभर तिच्या उपकाराच्या ओझ्याखाली राहणार. आणि आपण कोण? महिन्याच्या महिन्याला धुतलेले कपडे पोचवणारी.

“मग सोडवा की. मला कशाला विचारता?”

“तिच्या एकटीच्या शब्दावर कोर्ट विश्वास ठेवणार नाही. जीव जडलेली बाई काय वाटेल ते बोलेल, असं म्हणतील. आणि काका तर तिला साक्षच देऊ देत नाहीत. ‘तिला कळणार असेल तर मला सुटका नको,’ एवढंच धरून बसलेत.”

“कळणार म्हणजे कुणाला?”

“तुम्हाला, काकू.”

आता मात्र शिलाईवाली बसली.

इतकी वर्षं ती समजत होती, की त्यानं तोंड शिवून घेतलं ते त्या बाईच्या अब्रूसाठी. त्या बाईचा संसार टिकावा म्हणून. या एका समजुतीवर तिनं रात्रंदिवस स्वतःला जाळलं होतं. हे ऐकून आग विझायला हवी होती. थोडी विझलीही. पण मत्सर असा फुंकर मारून विझत नाही.

“काय करत होता म्हणते तो तिच्याकडे?” तिनं विचारलं.

चष्मेवाली कानापर्यंत लाल झाली. “काही नाही… बोलत बसले होते.”

“बसला नव्हता. ओट्यापाशी उभा होता. भांडी विसळत होता.”

उंच मित्राचं पेन थांबलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“हे तिनं फक्त आम्हाला सांगितलंय,” चष्मेवाली कुजबुजली. “आम्ही अजून आमच्या गटाच्या सरांनाही बोललो नाही. तुम्हाला कसं…”

“खिडकी उघडी होती. त्याच्या मागोमाग जाऊन मी समोरच्या जिन्यात उभी होते, चांगला अंधार पडेपर्यंत. हा विसळत होता, ती पुसत होती. मधेच कशावरून तरी दोघं खिदळत होते.” तिचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. “बाकीचं सगळं मी एक वेळ गिळलं असतं, पोरी. माझ्या घरात ह्या माणसानं स्वतःचा कप कधी उचलला नव्हता.”



“म्हणजे त्यांनी खून केला नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” चष्मेवाली सावकाश म्हणाली. तिच्या नजरेतली दया कुठल्या कुठे गेली होती. “हे कोर्टात सांगितलंत तर इतकी वर्षं गप्प का राहिलात, तेही विचारतील. लोक तोंडात शेण घालतील. मुलीला कळेल. काकांना कळेल. त्यापेक्षा आम्ही तिचा एखादा शेजारी शोधतो. नाहीतर ती स्वतः उभी राहायला तयार आहेच…”

“ते पेन चालव रे,” शिलाईवाली त्या मित्राला म्हणाली. “त्याला आत मी ठेवला. बाहेरही मीच काढणार. ती नाही.”