तीन नंबरची करकर

कूलिंग टॉवरवरच्या दोन नंबरच्या मोटरला नवं बेअरिंग बसवून मिस्त्रींनी ती चालू केली. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवलं, मूठ कानाला लावली. खरखर ऐकूच आली नाही. नवं बेअरिंग गप्पच असतं, तरी मिस्त्रींनी मूठ कानावर आणखी घट्ट दाबली. आठ दिवसांच्या तापानंतर ते आजच कामावर आले होते. घरी बायकोचं पालुपद चालू होतं, “चार हाका मारल्या तरी ओ देत नाही तुम्ही.” आता बेअरिंग बरं बसलंय की कानच कामातून गेलेत, हे सांगणार कोण? मिस्त्री शेजारी चालू असलेल्या तीन नंबरच्या जुन्या मोटरकडे वळले. स्क्रूड्रायव्हर टेकवताच खडे भरडल्यासारखी करकर कानात घुसली. जीव भांड्यात पडला. शिडीखालून इंजिनिअर मॅडमनी विचारलं, “सगळं ठीक?” “तीन नंबरचं बेअरिंग पार कामातून गेलंय, मॅडम,” मिस्त्रींनी नात झाल्याची बातमी द्यावी तसं सांगितलं.